वेरूळच्या लेण्यांपुढे पडलेला प्रश्न : यहुदी श्रद्धा, चित्रकला आणि आपण



काही काळापूर्वी एका धर्मग्रामातील भाविकांसमवेत वेरूळला जाण्याचा योग आला. सकाळची मिस्सा आटोपून निघालेली मंडळी सोळाव्या क्रमांकाच्या, म्हणजे कैलास लेण्यासमोर येऊन उभी राहिली. अखंड कातळ वरून खाली खोदत आणून घडवलेले ते मंदिर पाहताना एरवी बोलकी असलेली माणसेही काही वेळ गप्प झाली. आमच्यातील एक वयस्कर मावशी मात्र आत आल्या नाहीत. बाहेर एका झाडाखाली लेण्यांकडे पाठ करून त्या रोझरीची माळ जपत बसल्या. "फादर, मूर्ती पाहणं आपल्याला चालत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास महाविद्यालयात शिकणारा एक तरुण आमच्याजवळ आला. "फादर, माझा एक ख्रिस्ती मित्र दुसऱ्या पंथाचा आहे. तो म्हणतो, तुम्ही कॅथलिक लोक देवळात पुतळे ठेवून दहा आज्ञा मोडता. मला त्याला उत्तर देता येत नाही. आणि ज्या यहुदी लोकांना ही आज्ञा सर्वांत आधी मिळाली, त्यांनी चित्रं काढणं सोडूनच दिलं होतं का?"

उन्हात उभ्या उभ्या आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. मावशींची भीती आणि त्या तरुणाची अडचण यांचे मूळ एकच आहे, आणि त्याचा उलगडा यहुदी लोकांच्या कलेकडे पाहिल्यावर होतो. विशेष म्हणजे त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच मराठी भाषेत त्या कलेचा एक झरा वाहिलेला आहे.

आज्ञा आणि कारागीर

निर्गमाच्या विसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेच्या द्वारे दहा आज्ञा देतो. कोरीव मूर्ती करून तिच्यापुढे नतमस्तक होऊ नये, अशी आज्ञा त्यांत आहे. यहुदी परंपरा तिची गणना दुसऱ्या आज्ञेत करते. आपण कॅथलिक तिचा समावेश पहिल्या आज्ञेत करतो. क्रमांक निराळा असला तरी आज्ञा दोघांनाही तितकीच बंधनकारक आहे.

पण याच ग्रंथाची पुढची पाने उलटावीत. पंचविसाव्या अध्यायात तोच परमेश्वर कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करुब घडवायला सांगतो. त्याच अध्यायात दीपवृक्षाचे वर्णन येते : सात दिव्यांचा, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या आणि कळ्या असलेला, शुद्ध सोन्याचा. एकतिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब या दोन कारागिरांची नावे येतात. देवाने बसालेलला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले आणि सोने, चांदी, पितळ, रत्ने, लाकूड यांवर काम करण्याची बुद्धी त्याला दिली, असे तेथे सांगितले आहे. पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्यांचे वर्णन येते अशा अगदी सुरुवातीच्या व्यक्तींमध्ये एक कारागीर आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

वेरूळला दहाव्या क्रमांकाचे लेणे पाहताना आम्हांला बसालेलची आठवण झाली. या बौद्ध लेण्याला लोक विश्वकर्म्याचे लेणे किंवा सुताराची झोपडी म्हणतात. त्याचे छत दगडाचे आहे, पण ते लाकडी वाशांचे वाटावे अशा कमानी त्यात कोरल्या आहेत. सुतारकाम जाणणाऱ्या हातांची ही ओळख दगडानेही जपली आहे. ज्या धर्माचे ते लेणे आहे तो आपला धर्म नव्हे. पण हातातील कसब हे देवाचे देणे आहे, हे शास्त्रवचन मानणाऱ्याला त्या कारागिरांसाठी आभार मानायला कोणतीच अडचण नाही.

मग आज्ञेचा अर्थ काय? जुन्या करारातच त्याचे उत्तर एका घटनेतून मिळते. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात, सर्पदंशाने मरणाऱ्या लोकांसाठी मोशेने देवाच्या आज्ञेवरून पितळेचा सर्प केला. पुढे शतकानुशतके तो सर्प जपला गेला. मात्र लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, असे दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे. तोच सर्प एके काळी देवाच्या आज्ञेने घडला आणि पुढे देवाच्याच भक्ताच्या हातून फुटला. पितळ तेच होते, माणसाचे मन पालटले होते. आज्ञेचा रोख या मनावर आहे.

आठव्या शतकातील योगायोग

कैलास लेण्याचे श्रेय राष्ट्रकूट घराण्यातील पहिला कृष्ण या राजाला देतात. त्याचा राज्यकाळ साधारणपणे इ. स. ७५६ ते ७७३ असा मानला जातो. याच काळात आपली ख्रिस्तसभा मूर्ती आणि चित्रे यांवरून एका मोठ्या वादळातून जात होती. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी पवित्र चित्रे काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले होते. इ. स. ७५४ मध्ये हियेरिया येथे भरलेल्या सभेने पवित्र चित्रांचा निषेध केला. त्यानंतर कित्येक चित्रे पुसली गेली आणि चित्रांचे समर्थन करणाऱ्या अनेक मठवासीयांचा छळ झाला.

अरबांच्या राजवटीत राहणारे दमास्कसचे संत योहान यांनी यापूर्वीच चित्रांच्या बाजूने तीन निबंध लिहिले होते. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : देव अदृश्य होता तोवर त्याचे चित्र काढता येत नव्हते, पण देवपुत्र देह धारण करून आपल्यात राहिला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, म्हणून त्याचे चित्र काढता येते. इ. स. ७८७ मध्ये नायसिया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने हा विचार मान्य केला. आराधना केवळ देवाची. चित्राला द्यायचा तो आदर, आणि तो आदर चित्रात दाखवलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचतो, असे परिषदेने स्पष्ट केले.

सह्याद्रीच्या एका फाट्यात छिन्नीचे घाव पडत होते त्याच पिढ्यांत समुद्रापलीकडे आपले पूर्वज चित्र असावे की नसावे यावरून भांडत होते. आपल्या देवळात पवित्र मरियेचा पुतळा आहे तो या परिषदेने दिलेल्या निर्णयामुळे. त्या तरुणाच्या मित्राला द्यायचे पहिले उत्तर हे आहे. दुसरे उत्तर यहुदी लोकांकडून घ्यायचे आहे.

यहुद्यांनी चित्रे काढली काय?

होय, काढली. सिरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा युरोपोस नावाचे एक गाव होते. तेथील यहुदी सभास्थानाच्या भिंतींवर इ. स. २४४-२४५ च्या सुमारास पवित्र शास्त्रातील प्रसंग रंगवले गेले : मोशे लोकांना समुद्रातून पार नेतो, शमुवेल दावीदाला अभिषेक करतो, एस्तेर राणी, एलीया संदेष्टा, आणि यहेज्केलने पाहिलेले सुक्या हाडांचे खोरे. पुढे शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीने गावकऱ्यांनी तटाच्या आतल्या बाजूने मातीचा भराव घातला. त्या भरावाखाली सभास्थान गाडले गेले आणि म्हणूनच टिकले. १९३२ मध्ये उत्खननात ते सापडले. त्याच तटालगत, त्याच भरावाखाली ख्रिस्ती लोकांचे एक प्रार्थनागृहही मिळाले आणि त्याच्या बाप्तिस्मागृहात प्रभू येशूच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे होती. तिसऱ्या शतकात ते आणि आपण असे शेजारी होतो.

दुराच्या चित्रांत देवाचा चेहरा कोठेही नाही. वरून उतरणारा एक हात तेवढा दिसतो. गालीलाच्या दक्षिणेस बेथ आल्फा येथे सहाव्या शतकातील सभास्थानाच्या जमिनीवर रंगीत खड्यांचे चित्र आहे. तेथेही आब्राहाम इसहाकाचे बलिदान करायला निघाला असता त्याला थांबवणारा हात आहे, चेहरा नाही. जर्मनीत इ. स. १३०० च्या सुमारास तयार झालेल्या एका हग्गाद्यात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायच्या पुस्तकात, चित्रकाराने माणसांना पक्ष्यांची डोकी दिली आहेत. मानवी चेहरा रेखाटण्याचा संकोच आणि प्रसंग सांगण्याची ओढ या दोहोंमधून त्याने ही वाट काढली असावी.

पुढच्या काळात यहुदी लोकांनी आपली कला मुख्यत्वे वापरातल्या वस्तूंकडे वळवली. देवाची आज्ञा पाळायचीच, तर ती सुंदर रीतीने पाळावी, असे त्यांचे धर्मगुरू शिकवीत आले. म्हणून शब्बाथाचा पेला चांदीचा, तोरा गुंडाळीवरचे वस्त्र जरीचे, तिच्या दांड्यांवर डाळिंबाच्या आकाराचे शिरोभूषण, विवाहाच्या करारपत्राभोवती वेलबुट्टी, आणि सभास्थानात सतत तेवणारा दिवा. आपल्या देवळात पवित्र साक्रामेंतासमोर अखंड तेवणारा दीप पाहिलेल्या कोणालाही हे सारे ओळखीचे वाटेल.

कोकणातील शेजारी

आता घराकडे वळू या. कोकणातील बेने इस्राएल लोकांच्या परंपरेनुसार, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. गावोगाव वसून त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांची आडनावे आपल्यासारखीच गावांवरून पडली : दिवेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर. त्यांची बोली मराठी. समाजी हसाजी दिवेकर या बेने इस्राएल सैनिकी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान बांधले. अलिबागच्या इस्रायल आळीत 'मागेन आबोथ' हे सभास्थान आजही आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या पुढाकाराने बांधले गेलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले 'ओहेल डेव्हिड' हे बगदादी यहुद्यांचे सभास्थान तांबड्या विटांचे आणि उंच मनोऱ्याचे असल्याने पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. नवखा माणूस त्याला हमखास आपले चर्च समजतो.

बेने इस्राएल लोकांची एलीया संदेष्ट्यावर विशेष भक्ती आहे. अलिबागजवळील खंडाळे येथे एलीयाचा रथ उतरला होता आणि त्याच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत, असे ते मानतात. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी भिजवलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून ते एलीयाचे स्मरण करतात. अनेक घरांत अग्निरथातून स्वर्गाकडे जाणाऱ्या एलीयाचे छापील चित्र भिंतीवर असते. मूर्ती न मानणाऱ्या या लोकांच्या घरात ते चित्र आहे, पण आराधना चित्राची होत नाही. प्रार्थना देवालाच केली जाते. आपल्या घरातील पवित्र हृदयाच्या चित्रासमोर सायंप्रार्थना म्हणताना आपणही हेच करतो.

साडी नेसलेली शास्त्रातील माणसे

या समाजाने मराठीतून हग्गादा छापला. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठी मजकुराची शिळाछाप आवृत्ती निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या आवृत्तीत चित्रेही आहेत. त्यांतील एका चित्रात वल्हांडणासाठी बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया दाखवल्या आहेत, आणि त्या साड्या नेसलेल्या आहेत.

या एका चित्रापाशी वाचकांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. मिसर देशातून झालेली सुटका हजारो वर्षांपूर्वीची. पण हग्गाद्याची शिकवण अशी आहे की, प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतः मिसरातून बाहेर पडलो असे समजावे. पुण्यातील चित्रकाराने ती शिकवण अक्षरशः पाळली. सुटका आपल्या आईची, आपल्या आजीची झाली, असे त्याने दाखवले. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी जी भाकर हाती घेऊन आपले शरीर म्हणून दिली, ती याच सणाच्या परंपरेतली होती. नाझरेथच्या घरी वल्हांडणाच्या दिवसांत पवित्र मरियेने अशीच बेखमीर भाकर केली असणार. त्या चित्रातील स्त्रिया आपल्या मिस्साबलिदानापासून मुळीच दूर नाहीत.

आपल्यातही एका चित्रकाराने हेच करून पाहिले. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले अँजेलो दा फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली आणि तिला या मातीतील स्त्रीचा चेहरा दिला. त्याबद्दल गोव्यातील आपल्याच कॅथलिक बांधवांकडून त्यांना कठोर टीका सोसावी लागली. १९६७ मध्ये ते वारले. आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे आणि अभ्यासक ती आवर्जून पाहायला जातात. ज्यांनी टीका केली त्यांना युरोपीय पोशाखातील मरिया खरी वाटत होती. वास्तविक ती युरोपीयही नव्हती. ती एक यहुदी माता होती.

मुंबईत १९६० मध्ये जन्मलेल्या बेने इस्राएल चित्रकार सिओना बेंजामिन यांनी हा प्रवाह पुढे नेला. त्यांचे शालेय शिक्षण कॅथलिक आणि पारशी शाळांत झाले, पुढे त्या जे. जे. कलामहाविद्यालयात शिकल्या आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झाल्या. भारतीय लघुचित्रांच्या शैलीत, सोनेरी वर्ख वापरून त्या सारा, हागार, एस्तेर अशा शास्त्रातील स्त्रिया रंगवतात. या स्त्रियांची त्वचा निळी असते. सारा आणि हागार यांना त्यांनी एकमेकींच्या मिठीत दाखवले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात या दोघींची ताटातूट होते, आणि त्यांच्या वंशजांतील वैर आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. ती मिठी पाहून आम्हांला तरी ती एक प्रार्थनाच वाटली.

आपली चूक आणि आपला पालट

येथे एक कटू गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यहुदी लोकांविषयी आपल्याच कलेने कित्येक शतके अन्याय केला. फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या महामंदिराच्या दाराशी तेराव्या शतकात दोन स्त्रियांचे पुतळे उभारले गेले. एक मुकुट घातलेली ख्रिस्तसभा; दुसरी यहुदी सभा, तिच्या डोळ्यांवर पट्टी आणि हातात मोडका भाला. पुतळा अत्यंत सुंदर आहे, पण त्याने भाविकांना तिरस्कार शिकवला. असा तिरस्कार पुढे किती लोकांच्या जिवावर उठला हे विसाव्या शतकाने पाहिले.

१९३८ मध्ये मार्क शागाल या यहुदी चित्रकाराने प्रभू येशूच्या क्रूसमरणाचे एक चित्र काढले. त्यात येशूच्या कमरेला यहुदी प्रार्थनावस्त्र आहे, पायाशी दिवे आहेत आणि भोवती जळणारे सभास्थान व जीव घेऊन पळणारे लोक आहेत. यहुदी माणसाचा छळ करताना ख्रिस्ती माणूस कोणाला खिळे ठोकतो, हे त्या चित्राने आपल्याला विचारले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे ते आवडते चित्र होते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध करून यहुदी लोकांचा तिरस्कार करण्याला ख्रिस्तसभेत थारा नाही, असे स्पष्ट केले. त्याच्या पन्नासाव्या वर्षी, २०१५ मध्ये, फिलाडेल्फियाच्या संत जोसेफ विद्यापीठात एक नवे शिल्प बसवण्यात आले आणि पोप फ्रान्सिस यांनी त्याला आशीर्वाद दिला. त्यातही त्याच दोन स्त्रिया आहेत, पण आता दोघींच्या डोक्यावर मुकुट आहे, कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी नाही, आणि त्या शेजारी बसून एकमेकींचा ग्रंथ पाहत आहेत.

आपण काय करावे?

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएल देशात गेली. आज महाराष्ट्रात ती थोडीच उरली आहेत. २०१६ मध्ये राज्य शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबईच्या काळा घोडा भागातील १८८४ चे 'केनेसेथ एलियाहू' सभास्थान दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा आपल्या निळ्या रंगात उभे राहिले. अलिबाग, पुणे किंवा मुंबईस जाणाऱ्या आपल्या सहलींनी ही स्थळे, तेथील मंडळींची रीतसर परवानगी घेऊन, अवश्य पाहावीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात निर्गमाचा पाठ शिकवताना शिक्षकांनी पुण्याच्या हग्गाद्यातील स्त्रियांची गोष्ट मुलांना सांगावी.

वेरूळहून परतताना बसमध्ये आम्ही मावशींच्या शेजारी जाऊन बसलो. बसालेलची गोष्ट त्यांना सांगितली, पितळेच्या सर्पाचीही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "फादर, माझे वडील गवंडी होते. आपल्या गावच्या देवळाची कमान त्यांच्या हातची आहे." आणि मग, "आत कमानी होत्या का हो?"

आम्ही होय म्हणालो. दगडी कमानी, लाकडाच्या वाटाव्यात अशा.

"पुढच्या खेपेला बघीन," त्या म्हणाल्या, आणि उरलेली रोझरी पुरी करू लागल्या.